येणे आणि जमा : पूर, बांध आणि पुण्याची पुनर्बांधणी



पुराने उद्ध्वस्त झालेले शहर त्याच्या संरक्षणाची कामे पूर्ण होण्यापूर्वी पुन्हा उभारावे, की ती कामे पूर्ण होईपर्यंत थांबावे, हा आजच्या विचाराचा विषय आहे. वरवर पाहता हा प्रश्न अभियंत्यांचा आणि शासनाचा वाटतो. परंतु पुणे शहरात तो सर्वप्रथम सोडवावा लागला तो दुकानदारांना, भाडेकरूंना, वाडेमालकांना आणि हातावर पोट असणाऱ्या कुटुंबांना. शिवाय हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी परिसरातील रहिवाशांपुढे तो सन २०२४ पासून पुन्हा उभा आहे. म्हणून पुण्याचा पूर्वानुभव थोडा तपशिलाने पाहणे अगत्याचे ठरते.

दिनांक १२ जुलै १९६१ हा दिवस पुण्याच्या इतिहासात काळ्या अक्षरांनी नोंदला गेला आहे. आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण त्या वेळी बांधून पूर्ण झालेले नव्हते. ते सन १९६२ मध्ये पूर्ण व्हावयाचे होते. परंतु एक वर्ष आधीच, म्हणजे १९६१ च्या पावसाळ्यात, त्यात पाणी साठविण्याचा निर्णय झाला. धरणाच्या पोटातून पाणी बाहेर सोडण्याचा जो मार्ग असतो, त्याच्या दरवाजांचे काम अपुरे राहिले होते. जुलैच्या जोरदार पावसाने जलाशय झपाट्याने भरला, अपुऱ्या मार्गातून वेगाने जाणाऱ्या पाण्याचे हादरे बसू लागले आणि त्या मार्गावरील मातीचा भराव खचू लागला. सैन्याच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून धरणाचा माथा सावरून धरला. त्यांच्या त्या श्रमांमुळे फुटण्याची घटिका रात्रीवरून सकाळवर गेली आणि त्यामुळे असंख्य प्राण वाचले. सकाळी पानशेत फुटले. त्याचा लोंढा खाली एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या खडकवासल्याच्या दगडी धरणावर आदळला आणि दुपारी तेही भंगले.

मुठेच्या काठची शनिवार, नारायण, कसबा, सोमवार, मंगळवार या पेठांची नदीकडील अंगे, पुलाची वाडी, डेक्कन जिमखाना, शिवाजीनगर, दत्तवाडी असा विस्तीर्ण भाग पाण्याखाली गेला. लकडी पूल आणि नवा पूल दोन्ही बुडाले. मातीच्या भिंतींचे जुने वाडे विरघळून खाली बसले. शहराची लोकसंख्या त्या वेळी सहा लाखांच्या आसपास होती. दिवसाउजेडी पाणी आल्यामुळे बहुसंख्य लोकांना उंच भागाकडे धाव घेता आली. तरीही मृतांचा नेमका आकडा आजतागायत वादाचा राहिला आहे. रात्री पाणी ओसरले तेव्हा मागे राहिला तो गुडघाभर गाळ. त्यानंतरच्या दिवसांत ‘पाणी आले, पाणी आले’ अशी अफवा उठून लोक घरेदारे टाकून धावत सुटल्याच्याही नोंदी आहेत. भीती किती खोलवर शिरली होती, याची कल्पना त्यावरून येते.

या घटनेतील एक गोष्ट विसरता येण्याजोगी नाही. ज्या बांधकामावर भरवसा ठेवला गेला, ते पूर्ण झालेले नव्हते. ते एक वर्षाने व्हावयाचे होते आणि ते झालेच आहे असे समजून त्यात पाणी भरले गेले. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर जे अजून ‘येणे’ होते, ते ‘जमा’ धरून पुढचा व्यवहार केला गेला. व्यापारात अशा चुकीने पेढी बुडते. येथे शहर बुडाले.

आता प्रश्न असा होता की पुढे काय करावे. वरच्या अंगाला पानशेत फुटलेले, खडकवासला भंगलेले. शहराला पाणी ज्या धरणातून मिळत असे, तेच रिकामे झालेले. पुढच्या पावसाळ्यात नदी काय करील, याची हमी देण्यास कोणीही समर्थ नव्हते. सावधपणाचा सल्ला असा झाला असता की धरणे पुन्हा बांधून होईपर्यंत नदीकाठी एकही वीट रचू नये. हा सल्ला वरकरणी शहाणपणाचा दिसतो आणि त्यामागे कारणेही आहेत. दुसरा पूर आला तर नव्याने घातलेले भांडवलही वाहून जाते. शासनाचा आणि देणगीदारांचा पैसा दोनदा खर्च होतो. आणि एकदा घरे उभी राहिली की त्यांना हलविणे कोणत्याही शासनाला जमत नाही.

परंतु त्या सल्ल्याची किंमत मोजून पाहिली पाहिजे. पानशेत धरण पुन्हा बांधून पूर्ण व्हायला १९७० च्या दशकाचा आरंभ उजाडला. त्याच साखळीतील मोसे नदीवरील वरसगाव धरण पूर्ण झाले ते १९९० च्या दशकात. म्हणजे संरक्षण पूर्ण होण्याची वाट पाहिली असती, तर पुराच्या वर्षी पहिलीत असणारे मूल शालान्त परीक्षा देऊन बाहेर पडेपर्यंत पेठा ओसाड राहिल्या असत्या. किरकोळ दुकानदार दहा महिनेही दुकान बंद ठेवू शकत नाही, मग दहा वर्षांची गोष्ट कशाला? कापडाचा व्यापारी जाणतो की गाळाचे पाणी लागलेला तागा धुऊन पूर्ववत होत नाही. तो मिळेल त्या भावाने काढावा लागतो. मालाचे हे नुकसान सोसूनही पेढी तगते, कारण गिऱ्हाईक टिकून असते आणि घाऊक व्यापारी उधारीवर पुन्हा माल देतो. दुकान दीर्घकाळ बंद राहिले की गिऱ्हाईक दुसरीकडे वळते, उधारीचे नाते तुटते, कारागीर आणि नोकर अन्यत्र काम शोधतात. गेलेला माल पुन्हा भरता येतो. तुटलेली पत एका पिढीत परत येईलच असे नाही. आणि ज्याला थांबणे परवडत नाही, तो गरीब माणूस आदेशाची वाट न पाहता त्याच जागी पत्रे ठोकून राहू लागतो. थांबण्याचा नियम मग फक्त कायदा पाळणाऱ्यांना बांधून ठेवतो.

म्हणून पुणे थांबले नाही आणि ते योग्यच झाले. शासनाने पुनर्वसनाची सूत्रे स. गो. बर्वे यांच्यासारख्या कर्तबगार प्रशासकाकडे सोपविली. शहराची पुनर्रचना दोन वाटांनी झाली. पहिली वाट पेठांची. व्यापार, शाळा, मंदिरे, मंडई यांची मुळे जेथे होती तेथेच ती पुन्हा धरली गेली. दुसरी वाट उंच जागेची. नदीपासून दूर, गोखलेनगर, सहकारनगर, पर्वतीचा परिसर अशा ठिकाणी पूरग्रस्तांसाठी वसाहती झाल्या. कोठे अर्धगोल पत्र्यांची तात्पुरती घरे उभी राहिली, तर कोठे पूरग्रस्तांच्या सहकारी गृहरचना संस्थांना जमिनी दिल्या गेल्या. अशा संस्थांची संख्या शंभराहून अधिक झाली. आज ज्या भागांना पुण्याचे मध्यवर्ती उपनगर म्हटले जाते, त्यांतील कित्येकांचा जन्म त्या पुरातून झाला आहे.

या दुसऱ्या वाटेचे श्रेय मोठे आहे. नदीकाठ सोडण्यास सांगताना पर्यायी जागा दाखविली गेली, हे त्यातील सर्वांत मोलाचे. तथापि तिचा हिशेबही पुरा मिटला नाही. जी घरे तात्पुरती म्हणून दिली, त्यांत कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या. ज्या संस्थांना जमिनी मिळाल्या, त्यांच्या मालकी हक्काचा प्रश्न अनेक दशके शासनदरबारी रेंगाळला. घाईच्या दिवसांत जे अर्धवट केले जाते, ते पूर्ण करण्यास शांततेच्या दिवसांत कोणाला सवड नसते, असा या अनुभवाचा अर्थ निघतो. तात्पुरते म्हणून जे बांधावयाचे, ते पन्नास वर्षे टिकणार आहे असे धरूनच त्याची जागा निवडली पाहिजे.

पहिल्या वाटेचा दोष निराळा आहे आणि तो आजही वाढतो आहे. धरणे पूर्ण झाली आणि नदी आता काबूत आली, अशी समजूत शहरात रुजली. नदीपात्रात रस्ते झाले, वाहनतळ झाले, भराव पडले. काठाशी इमारती आल्या. वस्तुतः खडकवासला साखळीतील धरणे ही मुख्यतः पिण्याच्या व शेतीच्या पाण्याचा साठा करण्यासाठी आहेत. खडकवासल्याची उपयुक्त साठवण सुमारे १.९७ टीएमसी, पानशेतची सुमारे १०.६५, वरसगावची सुमारे १२.८२ आणि टेमघरची सुमारे ३.७१, एकूण २९ टीएमसीच्या थोडी वर. पावसाळा सरताना ही धरणे भरलेली असावीत, अशीच शहराची आणि शेतकऱ्याची अपेक्षा असते. भरलेले धरण पूर अडवीत नाही. आलेले पाणी त्याला पुढे सोडावेच लागते.

हे गणित मांडून पाहण्याजोगे आहे. सेकंदाला ३५,००० घनफूट, म्हणजे ३५,००० क्युसेक या वेगाने चोवीस तास पाणी वाहिले, तर ते सुमारे ३ टीएमसी होते. शहराच्या अगदी डोक्यावर असलेल्या खडकवासला धरणाची उपयुक्त साठवण दोन टीएमसीदेखील नाही. म्हणजे अशा एका दिवसाचे पाणी, धरणाचा उपयुक्त साठा संपलेला असला तरी, त्या साठवणीत मावू शकत नाही. दिनांक २५ जुलै २०२४ रोजी पहाटे खडकवासल्यातून साधारण एवढाच विसर्ग झाला आणि एकतानगरी परिसरातील इमारतींचे तळमजले पाण्याखाली गेले. सैन्याच्या तुकड्यांना मदतीस यावे लागले. पूर्वसूचना वेळेत मिळाली नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती. त्याच रात्री डेक्कनजवळ पुलाची वाडी भागात विजेचा धक्का बसून तीन तरुण मृत्युमुखी पडले. पाण्याहून विजेने अधिक घात केला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मुठेची निळी पूररेषा ६०,००० क्युसेक आणि लाल पूररेषा १,००,००० क्युसेक विसर्ग गृहीत धरून आखलेली आहे. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा लाल, असा राज्यातील संकेत आहे. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम वर्ज्य. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये जोते लाल रेषेच्या पातळीहून वर ठेवण्यासारख्या अटींवर परवानगी. मग ६०,००० च्या रेषेच्या कितीतरी खाली, ३५,००० लाच घरात पाणी का शिरले? पात्र अरुंद झाले, भरावाने त्याची धारणशक्ती घटली, ही त्याची उघड कारणे आहेत. रेषा कागदावर जागच्या जागी राहिली आणि नदी मात्र वर चढली.

केवळ नदीच धोका देते असेही नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये टेमघर धरणाच्या भिंतीतून मोठी गळती होत असल्याचे निदर्शनास आले आणि पुढे त्याची दुरुस्ती हाती घ्यावी लागली. दिनांक २७ सप्टेंबर २०१८ रोजी मुठा उजव्या कालव्याची भिंत जनता वसाहतीजवळ फुटली आणि भर उन्हात, पाऊस नसताना, दांडेकर पुलाच्या वस्तीत पूर आला. दिनांक २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, सहकारनगर या भागांत हाहाकार माजविला. पानशेतच्या पूरग्रस्तांना ज्या बाजूस सुरक्षित म्हणून वसविले, त्याच बाजूस ओढ्याने अर्ध्या शतकानंतर माणसे नेली. तेव्हा ‘संरक्षण पूर्ण झाले’ असे म्हणता येईल असा दिवस शहराच्या पंचांगात नाही. धरण बांधले तरी झिजते, कालवा बांधला तरी खचतो, ओढा बुजविला तरी परततो. यंत्रावर घसारा धरतात, तसा तो बांधावरही धरावा लागतो.

हा पेच एकट्या पुण्याचा नाही. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहर ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळाच्या वेळी बांध फुटून बुडाले. नवी संरक्षक व्यवस्था बहुतांशी उभी राहण्यास सन २०११ उजाडले आणि तिला सुमारे साडेचौदा अब्ज डॉलर लागले. मधल्या वर्षांत परतावे की नाही, यावर तेथे कडाक्याचे वाद झाले. सन २००६ च्या आरंभी काही सखल वस्त्यांच्या जागी उद्याने दाखविणारा नकाशा पुढे आला, तेव्हा त्या वस्त्यांतील विस्थापित लोक संतापून उठले. कारण आपण जावे कोठे, याचे उत्तर त्या नकाशात नव्हते. अखेर नकाशा मागे पडला आणि सखल भागातही घरे परत आली. पुढे ऑगस्ट २०२१ च्या आयडा वादळात नवे बांध टिकले, ही समाधानाची गोष्ट. नेदरलँड्स देशाने दुसरा धडा घालून दिला. १९५३ च्या सागरी पुरात तेथे १,८३६ माणसे दगावली. त्यानंतर उभारलेली बांधांची प्रचंड योजना पूर्ण होण्यास १९९७ साल आले. लोक तोवर थांबले नाहीत. परंतु त्याच देशात १९९५ मध्ये नद्यांच्या पुरामुळे सुमारे अडीच लाख लोकांना हलवावे लागले, तेव्हा बांध आणखी उंच करण्याबरोबरच कित्येक ठिकाणी ते मागे सरकवून नदीला जागा मोकळी करून देण्याचे धोरण त्यांनी स्वीकारले. बांध बांधण्यात जगात अग्रेसर असलेल्या देशाने हे केले, यास महत्त्व आहे.

या सर्व अनुभवांतून पुण्यापुरता जो निष्कर्ष निघतो, तो वहीच्या दोन शब्दांत सांगता येतो. शहराने पुन्हा उभे राहावे, विलंब न लावता उभे राहावे. मात्र जे संरक्षण आज जागेवर आहे तेवढेच जमेस धरून उभे राहावे. जी भिंत मंजूर आहे, जो बांध आराखड्यात आहे, जे नदीसुधार काम निविदेत आहे, ते येणे आहे. येणे रक्कम वहीत जरूर लिहावी, तिचा तगादाही लावावा. परंतु तिच्या भरवशावर हुंडी काढू नये.

व्यवहारात याचा अर्थ काय होतो? प्रथम, व्यवसाय, शाळा, दवाखाने, पाणी आणि वीज ही तत्काळ सुरू झाली पाहिजेत. त्यांना थांबविण्यात कोणाचेच हित नाही. दुसरे, नदीकाठच्या दुकानात माल पोटमाळ्यावर आणि हिशेबाची दप्तरे वरच्या मजल्यावर ठेवण्याची शिस्त असावी, तसेच विम्याच्या करारात पुराचे कलम आहे की नाही, हे हप्ता भरण्यापूर्वी वाचावे. तिसरे, इमारतींतील विजेचे मीटर, रोहित्रे आणि पाण्याचे पंप पुराच्या पातळीच्या वर न्यावेत. या कामास भिंतीची वाट पाहावी लागत नाही आणि खर्चही तुलनेने थोडा येतो. चौथे, धरणातून किती पाणी केव्हा सोडणार, ही वार्ता रात्री-अपरात्री प्रत्येक सोसायटीच्या पहारेकऱ्यापर्यंत पोहोचली पाहिजे. सन १९६१ मध्ये अनेकांना पाणी दाराशी आल्यावरच पूर कळला. २०२४ मध्ये तीच तक्रार पुन्हा ऐकू यावी, हे शहराला शोभणारे नाही.

पाचवी गोष्ट सर्वांत कठीण. एकतानगरीसारख्या वसाहतींच्या सामूहिक पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली आहे. तळमजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाने वर्षानुवर्षे चिखल उपसत राहावे, असे कोणी म्हणणार नाही. त्यांना सुरक्षित घर मिळालेच पाहिजे. परंतु भिंत होणार आहे या आधारावर त्याच जागी आधीपेक्षा कितीतरी अधिक मजले आणि अधिक कुटुंबे आणणे, ही येणे रकमेवर काढलेली हुंडीच होय. शिवाय एका काठाला भिंत घातली की अडलेले पाणी पलीकडच्या काठावर आणि खालच्या वस्तीवर चढते. एका सोसायटीचे संरक्षण दुसरीचा धोका ठरू शकतो. म्हणून जेथे निळ्या रेषेच्या आत वस्ती आहे, तेथे उंच जागी, मालकी हक्कासह, घर देण्याचा पर्याय प्रथम ठेवला पाहिजे, आणि तो सहा दशके रेंगाळणारा नसावा. रिकामी झालेली जमीन नदीसाठी मोकळी राहिली पाहिजे. रेषेबाहेर राहणाऱ्यांनीही या खर्चाचा वाटा उचलणे न्याय्य आहे, कारण नदीचे पात्र अरुंद करून जो रस्ता मिळाला तो साऱ्या शहराने वापरला आहे.

कोणी म्हणेल की एवढा सावधपणा करीत बसल्यास विकास थांबेल. पुण्याचाच इतिहास त्याचे उत्तर देतो. सन १९६१ नंतर हे शहर अपुऱ्या धरणांच्या छायेत दहा-बारा वर्षे राहिले, तरी त्याच काळात त्याने नवी उपनगरे वसविली, व्यापार सावरला, उद्योग वाढविले. भय बाळगूनही काम करता येते, हे त्या पिढीने दाखविले. पुढे भय गेले आणि त्याबरोबर हिशेबही गेला.

प्रत्येक पावसाळ्यात बाबा भिडे पुलावरून पाणी केव्हा जाते, याची वार्ता पुणेकर कौतुकाने ऐकतात. तो पूल पाण्याखाली जाण्यासाठीच बांधलेला आहे. पाणी येते, जाते आणि पूल पुन्हा वाहतुकीस खुला होतो. नदीकाठच्या शहराच्या ज्या भागाला असे पाणी येऊन जाणे सोसवते, तेवढाच भाग काठावर असावा, बाकीचा वर असावा. कोणता भाग सोसू शकतो आणि कोणता नाही, याची यादी प्रत्येक प्रभागाने पुढील पावसाळ्यापूर्वी करावी. त्या कामासाठी कोणत्याही निविदेची वाट पाहण्याची आवश्यकता नाही.